सात नंबरच्या बेडचा शब्द

“यू मे बिगिन नाऊ,” पाटणे सर म्हणाले आणि टेबलावरच्या यंत्राचं बटण त्यांनी दाबलं. लाल दिवा लागला.

मी घसा खाकरला. पुण्यातल्या एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसी इतका गार की हातावर काटा यावा. टेबलापलीकडे पाटणे सर. साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि उच्चार असे की बातम्या ऐकतोय असं वाटावं. या परीक्षेत ते पेशंट व्हायचे आणि उमेदवारानं नर्स व्हायचं. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात आयसीयूची स्टाफ नर्स, तेव्हा नर्स होणं मला काय अवघड? अवघड होतं ते इंग्रजी. मी जे बोलेन ते यंत्रात जाणार, यंत्रातलं परदेशात जाणार, आणि तिकडची कधी न पाहिलेली माणसं ते ऐकून ठरवणार की कृपा शमुवेल लोंढे या बाईला आयर्लंडच्या पेशंटला हात लावू द्यायचा की नाही.

दोनदा त्यांनी नाही म्हटलं होतं. ही तिसरी खेप. तिकडच्या हॉस्पिटलनं जागा धरून ठेवली होती, पण महिनाअखेर निकाल हातात आला नाही तर ती दुसरीला जाणार होती. पुढची परीक्षा त्यानंतर. शमुवेल, माझा नवरा, खाली रिसेप्शनपाशी बसला होता. आदल्या रात्री आम्ही शांतपणे ठरवलं होतं की या वेळी नाही झालं तर विषय बंद. पोरगी दहावीला जाणार होती आणि घर असं अधांतरी किती दिवस ठेवायचं?

आणि मला जायचं होतं. नवऱ्याला हवं होतं, पोरीचं भलं होणार होतं, हे सगळं खरंच. पण मला स्वतःला जायचं होतं. आमची लिन्सी माझ्याबरोबर ड्यूटी करायची, ती पहिल्या फटक्यात पास होऊन गेली. ती फोनवर सांगायची की इथं नर्सनं प्रश्न विचारला तर डॉक्टर उत्तर देतो गं. ते ऐकलं की माझ्या पोटात तुटायचं.

दुसऱ्या खेपेला नापासाचं कारण आलं होतं: शब्दसंग्रह अपुरा. सांगलीच्या क्लासचे लोखंडे सर म्हणाले, “सिस्टर, ‘पेन’ म्हणायचं नाही. पेन काय, कुणीही म्हणतं. हाय लेव्हल शब्द टाका!” त्यांनी शब्दांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिले. मी पाठ करायची आणि सकाळपर्यंत सगळं पाण्यावरची रेघ. शेवटी मी माझीच युक्ती काढली. एकेक शब्द एकेका पेशंटच्या गळ्यात बांधला. चार नंबरच्या बेडवर मूतखड्याचे आजोबा तळमळत होते, त्यांना ‘एक्स्क्रुशिएटिंग’ दिला. दोनच्या मावशी सलाईन लावू द्यायच्या नाहीत, त्या ‘रिलक्टंट’. अकराचा पोरगा तापात काहीबाही बरळायचा, तो ‘इनकोहेरंट’. वॉर्डबॉय हसायचे, सिस्टरनी पेशंटांची बारशी मांडलीत म्हणून. हसू देत. शब्द मात्र असे बसले की पेशंट घरी गेला तरी शब्द बेडवर राहायचा. दीड वर्षात आमची आयसीयू इंग्रजीनं भरून गेली.

तर मी सुरुवात केली. मला दिलेल्या प्रसंगाच्या कार्डावर होतं की पेशंटचा गुडघा दुखतोय, तो चिडलाय, जास्त ताकदीची गोळी मागतोय, त्याला समजवा. मी हाय लेव्हल शब्द टाकत नमस्कार चमत्कार केले. पाटणे सर झकास चिडले. गोळी द्या म्हणाले, तुम्ही नर्सा सगळ्या सारख्याच म्हणाले. मी मनात म्हटलं, वा! कलाकार आहेत.

मग ते मध्येच थांबले. माझ्या खांद्यावरून मागे बघत इंग्रजीत म्हणाले, “ती छत्री आत घ्या.”

छत्री कुठली आली? मी क्षणभर गडबडले. पण लोखंडे सरांनी बजावलं होतं की समोरचा मुद्दाम आडवं बोलेल, डगमगायचं नाही, डगमगलात की मार्क गेले. मी हसून इंग्रजीत म्हटलं, तुमच्या वेदना एक्स्क्रुशिएटिंग आहेत हे मी जाणते.

“छत्री,” ते पुन्हा म्हणाले. आवाज जड झाला होता. “व्हेअर इज... ती... व्हेअर...”

लाल दिवा चालूच होता. माझ्या डोक्यात दोन बायका भांडायला लागल्या. एक म्हणत होती, कृपा, हे नाटक आहे, बोलत राहा, गप्प बसलीस तर तेही रेकॉर्ड होतंय. दुसरी काहीच म्हणत नव्हती, नुसती बघत होती. त्यांच्या कपाळावर घाम होता. वरच्या ओठावर घाम. त्या गारठ्यात कडक इस्त्रीचा शर्ट छातीला चिकटला होता.

आमच्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तसंच घामाचंही आणता येत नाही. मी उठून त्यांचा हात धरला. गार आणि ओला.

“काका,” मी म्हटलं, मराठीत. “काका, इकडं बघा. सकाळपासून काय खाल्लंय?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण ओळख नव्हती डोळ्यांत. “चंद्र... उगवला का?”

तेवढ्यावर मला सगळं कळलं. मी ख्रिस्ती, पण संकष्टी कधी आहे ते मला कॅलेंडर न बघता कळायचं, कारण त्या संध्याकाळी आमच्याकडं साखर उतरलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागायची. उपास कडक, आणि डॉक्टर रागावतील म्हणून डायबेटिसची गोळी मात्र वेळेवर! माझी पर्स बाहेर जमा होती. पण कोपऱ्यात हॉटेलचा चहाचा ट्रे होता. मी साखरेच्या पुड्या दातांनी फाडल्या, पाण्यात कालवल्या, त्यांची मान हातावर घेतली.

“गिळा. काका, गिळा म्हणते ना!”

ते दात आवळून बसले. मी साखर बोटावर घेऊन गालाच्या आत चोळली, जसं तान्ह्या पोराला मध चाटवावा. मग एक घोट गेला. मग दुसरा. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“नको,” ते म्हणाले. आवाज परत आला होता. “मिसेस लोंढे, कुणाला बोलावू नका. मी ठीक आहे.”

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, चष्मा सारखा केला, यंत्राकडं बघितलं आणि ते बंद केलं.

“माझी पत्नी करायची संकष्टी,” ते म्हणाले. “ती गेल्यावर मी धरली. ती पाण्यावर करायची, म्हणून मीही. तुम्हाला वेडेपणा वाटेल.”

“वेडेपणा उपासाचा नाही सर. गोळी घेतलीत त्याचा आहे. कुठली गोळी घेता?”

त्यांनी नाव सांगितलं. मी मान हलवली. डोक्यात तेव्हा गोळी नव्हती, परीक्षा होती. रेकॉर्डवर मी मराठी बोलले होते, पेशंटच्या तोंडात बोटं घातली होती. सगळं मुसळ केरात.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. “यंत्र बिघडलं तर मी नव्या कार्डानं पुन्हा रेकॉर्डिंग करू शकतो,” ते म्हणाले. “तेवढा अधिकार मला आहे. यंत्र बिघडलं होतं असं मी सांगतो. तुमचा पूर्ण वेळ तुम्हाला मिळेल. पण ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. गेली, तर आजचं तुमचं सगळंच रद्द होईल. धमकी देत नाहीये. नियम सांगतोय.”

“चालेल,” मी म्हटलं. लगेच म्हटलं.

त्यांनी नवं कार्ड दिलं. आता ते पेशंटचा मुलगा होते. वडील बरे दिसताहेत, मग घरी का सोडत नाही, असं ते विचारणार आणि मी समजावायचं. लाल दिवा लागला.

आणि काय सांगू, मी बोलले. तोवर इंग्रजी बोलताना मी आधी मराठीत वाक्य जुळवायची, मग एकेक शब्द उलटा करायची. त्या दिवशी तसं काही झालंच नाही. नुकताच एक माणूस हाताखाली गार होऊन परत गरम झाला होता, अंगात तीच धग होती. मी त्या मुलाला खुर्चीत बसवलं, त्याच्या भीतीचं नाव घेतलं, तो चिडला तेव्हा थांबले, तो थांबला तेव्हा बोलले. शब्द माझ्या बेडांवरून उठून चालत येत होते आणि आपापल्या जागी बसत होते. पाटणे सरांचे डोळे चकाकले. शिकवणाऱ्या माणसाला कळतं.

“पण ते आता बरे आहेत ना?” मुलानं इंग्रजीत विचारलं. “हसताहेत, बोलताहेत.”

“हो,” मी इंग्रजीत म्हटलं, “आता बरे आहेत. पण ही सुधारणा फसवी असू शकते. ही कॅन डिटेरिओरेट विदाउट वॉर्निंग.”

डिटेरिओरेट, म्हणजे तब्येत खालावणं. तो सात नंबरच्या बेडचा शब्द होता. जयसिंगपूरचे मगदूम, शाळेची बस चालवायचे. साखर उतरून चक्कर आली, दवाखान्यात ग्लुकोज दिलं, उठून बसले, चहा प्याले, डॉक्टरांशी चेष्टामस्करी केली आणि घरी गेले. गोळी पोटात तशीच होती आणि ती आपलं काम करत राहिली. संध्याकाळी बायकोनं उठवायला हलवलं तर उठेनात. आमच्याकडं आणले तेव्हा उशीर झाला होता. त्यांच्या बेडपाशी उभं राहून मी तो शब्द पाठ केला होता. मगदूमांची गोळी आणि पाटणे सरांची गोळी एकच होती.

उरलेलं संभाषण मी कसं पुरं केलं ते देव जाणे, पण केलं, आणि चांगलं केलं. मुलाला पटलं, त्यानं आभार मानले. लाल दिवा विझला.

“एक्सलंट,” पाटणे सर हळूच म्हणाले. “हे बोलायची मला परवानगी नाही. पण इतकं चांगलं मी या वर्षात ऐकलं नाही.” ते उठले, बॅग भरायला लागले. मी शेवटची उमेदवार होते.

“सर, साताऱ्याला कसे जाणार?”

“गाडी आणलीय. मीच चालवतो.”

“सर, साखर पुन्हा उतरणार. ही गोळी एवढ्यानं सोडत नाही. आता इथून हॉस्पिटल. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल.”

ते हसले. “मिसेस लोंढे, परीक्षा संपली. तुम्ही आता नर्स नाही.”

“मग जेवा तरी! माझ्यासमोर जेवा आणि कुणाला तरी गाडी चालवायला घ्या.”

“चंद्रोदयाला घरी पोचेन. तोवर ती साखर पुरेल.” त्यांनी बॅगेची चेन ओढली. “इतकी वर्षं मी हा आजार सांभाळतोय. आणि एक लक्षात घ्या. तुम्ही बाहेर काही बोललात तर हे रेकॉर्डिंग जाईल. आत्ताचं. चांगलं झालेलं.”

मी दाराशी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर खंबाटकीचा घाट आला, त्यातली वळणं, मागून येणाऱ्या एसट्या. आणि त्याच वेळी त्या यंत्रातला माझा आवाज कानात होता. मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. तुझी संकष्टी, तुझी गोळी, तुझा हट्ट, आणि बुडायचं ते माझं आयर्लंड? मी मनात म्हटलं, जाऊ दे ना कृपा, शहाणा माणूस आहे, प्रोफेसर आहे, स्वतःचं बघेल. मगदूमही शहाणेच होते.

मी दार उघडलं आणि रेवतीला हाक मारली. परीक्षेची सगळी व्यवस्था बघणारी ती पोरगी बाहेरच होती, पळत आली. मी एका दमात सांगितलं.

रेवतीनं सरांकडं पाहिलं. ते ताठ उभे होते, शर्टही वाळला होता. “काही नाही,” ते शांतपणे म्हणाले. “जरा यंत्र अडखळलं होतं. या बाई परीक्षेच्या ताणानं घाबरल्यात. तिसरी वेळ आहे ना त्यांची.”

रेवती माझ्याकडं कीव केल्यासारखी बघायला लागली. “मॅडम, तुम्ही पाणी घेता का?”

“पाणी नको. पहिलं रेकॉर्डिंग लावा,” मी म्हटलं. “पुसलं नाहीये अजून. लावा.”

“मिसेस लोंढे,” सर म्हणाले, “ते लावलं की दोन्ही रद्द.”

“ठाऊक आहे मला. लाव गं, पोरी!”

तिनं लावलं. आधी माझा आवाज, हाय लेव्हल शब्द टाकत चाललेला. मग सरांचा. ती छत्री आत घ्या. मग जीभ जड झालेला, अर्धा इंग्रजी अर्धा मराठी, चंद्र उगवला का विचारणारा आवाज. सर ऐकत होते. ते आपण बोललो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. छत्री पुन्हा आली तेव्हा ते हळूच खुर्चीत बसले.

“हा मीच बोलतोय?” त्यांनी विचारलं.

रेवतीनं यंत्र बंद केलं आणि परीक्षेच्या ऑफिसला कळवायला फोन काढला.

त्यांना हॉस्पिटलात आम्ही नेलं, मी आणि शमुवेलनं. रिक्षात शमुवेलनं मला विचारलं, “झालं काय म्हणायचं? पास का नापास?” मी म्हटलं, “रद्द.” मिरजेचा माणूस, एरवी दोन शिव्या तरी घातल्या असत्या. त्यानं सरांची बॅग नुसती मांडीवर घट्ट धरली. तेवढ्यात सरांची मान माझ्या खांद्यावर पडली. साखर पुन्हा उतरली होती, आणि आम्ही तेव्हा घाटात नव्हतो, कॅज्युअल्टीच्या फाटकात होतो.

आयर्लंड राहिलं ते राहिलंच. आज इतक्या वर्षांनीही मी मिरजेतच आहे, आणि लिन्सीचा फोन आला की अजूनही पोटात तुटतं. ते तुटत नाही असं सांगणं खोटं होईल.

पण मला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट. सलाईन लागलं होतं, सर झोपले होते. त्यांची बहीण साताऱ्याहून निघाली होती, ती येईपर्यंत मी उशाशी बसून होते. रेवती येऊन गेली होती. नियमाप्रमाणे दोन्ही रेकॉर्डिंग पुसली, असं तिनं खाली मान घालून सांगितलं. मी म्हटलं, बरं.

दिवे लागले तेव्हा सरांनी डोळे उघडले. छताकडं बघितलं, सलाईनकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ ते आठवायचा प्रयत्न करत होते.

“तुम्ही... शेवटच्या उमेदवार ना? लोंढे?”

“हो सर.”

“मला चक्कर आली का? गुडघेदुखीचं कार्ड दिल्याचं आठवतंय. पुढचं काहीच नाही.” त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. “तुमची परीक्षा? झाली का तुमची परीक्षा?”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मी त्या दिवशी जे बोलले ते ऐकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला ते आठवत नव्हतं.

“झाली सर,” मी म्हटलं.

“मग? कसं बोललात?”

“चांगलं बोलले सर. फार चांगलं बोलले.”

एवढं म्हटलं आणि मला हुंदका आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. त्यांनी सलाईन नसलेला हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

“रडू नका, बाळ,” ते म्हणाले. “थोडे शब्द कमी पडले असतील. पुढच्या वेळी होईल.”